म्हातारीची साक्ष : 'मर्डर, शी सेड' (१९६१) मधील हौशी वृद्ध गुप्तहेर आणि मराठी रहस्यपट

बीजसंज्ञा : रहस्यपट, हौशी गुप्तहेर, वार्धक्य, साक्ष, घरकाम, माध्यमांतर.

प्रस्तावना

रहस्यकथा हा मराठी वाचकाच्या विशेष आवडीचा वाङ्मयप्रकार आहे. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार व काळापहाड हे नायक खेड्यापाड्यांतील वाचनालयांपर्यंत पोहोचले. तरीही मराठी समीक्षेने या प्रकाराकडे 'रंजनप्रधान' म्हणून पाहिले आणि त्याची गंभीर चिकित्सा फारशी केली नाही. रहस्यपटाच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक जाणवते. वास्तविक गुन्ह्याचा शोध कोण घेतो, कोणाचे म्हणणे खरे मानले जाते आणि कोणाचे हसण्यावारी नेले जाते, हे रहस्यकथेतील मूलभूत प्रश्न होत. ते जितके वाङ्मयीन आहेत तितकेच सामाजिकही आहेत.

जॉर्ज पोलॉक दिग्दर्शित 'मर्डर, शी सेड' हा १९६१ चा कृष्णधवल इंग्रजी चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' (१९५७) या कादंबरीवर तो आधारलेला असून मार्गारेट रदरफोर्ड यांनी त्यात मिस मार्पल ही अविवाहित, वृद्ध, हौशी गुप्तहेर साकारली आहे. १८९२ साली जन्मलेल्या रदरफोर्ड त्या वेळी सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. चित्रपटाच्या शीर्षकाचा सरळ अर्थ 'खून झाला, असे ती म्हणाली' असा होतो. म्हणजे शीर्षकातच गुन्हा आणि त्याविषयीची एका स्त्रीची साक्ष एकत्र आलेली आहे. तिच्या या म्हणण्याचे पुढे काय झाले, हेच चित्रपटाचे कथानक होय.

प्रस्तुत लेखात या चित्रपटातील वृद्ध स्त्रीच्या साक्षीचा व तिच्या शोधपद्धतीचा विचार केला असून मूळ कादंबरी, ऋतुपर्ण घोष यांचा बंगाली चित्रपट 'शुभ महुरत' (२००३) आणि निवडक मराठी रहस्यपट यांच्याशी तिची तुलना केली आहे. 'वार्धक्य व घरकाम यांमुळे स्त्रीच्या वाट्याला येणारी उपेक्षा हेच हौशी वृद्ध गुप्तहेराचे प्रमुख साधन असते' हे या विवेचनाचे गृहीतक आहे. हे साधन कोणत्या वर्गातील स्त्रीला उपलब्ध होते, हा त्याच गृहीतकातून निघणारा उपप्रश्न आहे.

कथानकाचा संक्षेप

मिस मार्पल आगगाडीने प्रवास करीत असताना शेजारच्या रुळांवरून त्याच दिशेने जाणारी दुसरी गाडी तिच्या डब्याच्या बरोबरीने येते. त्या गाडीच्या एका खिडकीचा पडदा अकस्मात वर उडतो आणि एक पाठमोरा पुरुष एका स्त्रीचा गळा आवळीत असल्याचे तिला दिसते. क्षणभरात ती गाडी पुढे निघून जाते. मनमाड–सिकंदराबाद हा जालन्यावरून जाणारा लोहमार्ग दीर्घकाळ एकेरी राहिला. दोन गाड्यांची गाठ पडायची ती स्थानकात, क्रॉसिंगसाठी थांबल्यावर. त्यामुळे धावत्या गाडीतून दुसऱ्या धावत्या गाडीच्या आत पाहण्याचा हा अनुभव येथील प्रेक्षकाला काहीसा अपरिचित वाटेल. परंतु दृश्याचे मर्म त्याला सहज उमगेल. साक्षीदार आणि गुन्हा यांच्यात हातभराचे अंतर आहे, पण मध्ये दोन काचा आहेत आणि वेग आहे. पाहणे शक्य आहे, हस्तक्षेप शक्य नाही.

मार्पल रेल्वेच्या नोकराला व पुढे पोलिसांना हे सांगते. प्रेत कोठेच सापडत नाही. ती रहस्यकथा वाचणारी एकटी म्हातारी असल्यामुळे तिला भास झाला असावा, असा निष्कर्ष परस्पर काढला जातो. मग ती गावातील ग्रंथपाल मिस्टर स्ट्रिंजर यांच्या मदतीने लोहमार्गाची स्वतः पाहणी करते. एका वळणावर गाडीतून प्रेत बाहेर टाकले गेले असावे आणि ते लगतच्या ॲकेनथॉर्प कुटुंबाच्या वाड्याच्या आवारात पडले असावे, असा तर्क ती बांधते. त्यानंतर ती त्याच वाड्यात घरकामाची नोकरी धरते, तबेल्यातील एका जुन्या शवपेटीत प्रेत शोधून काढते आणि अखेरीस कुटुंबाच्या विश्वासातील डॉक्टर क्विंपर हाच खुनी असल्याचे सिद्ध करते. घरातील मुलगी एमा हिच्याशी विवाह करून मालमत्ता मिळविण्यासाठी त्याने आपल्या पत्नीचा काटा काढलेला असतो. दरम्यान कुटुंबातील आणखी दोघांचा बळी जातो.

साक्षीची ग्राह्यता : कायदा आणि लोकव्यवहार

मार्पलच्या साक्षीत दोष कोणता? तिने घटना प्रत्यक्ष पाहिलेली आहे, तत्काळ सांगितलेली आहे आणि खोटे बोलण्यात तिचा काही स्वार्थ नाही. साक्षीच्या कोणत्याही कसोटीवर तिचे म्हणणे टिकण्यासारखे आहे. तरीही ते नाकारले जाते. नाकारण्याचे कारण साक्षीत नसून साक्षीदारात आहे.

भारतीय कायद्याच्या संदर्भात हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११८ नुसार सर्व व्यक्ती साक्ष देण्यास सक्षम मानल्या जात. कोवळे वय, अतिवार्धक्य, शारीरिक वा मानसिक व्याधी अशा कारणांमुळे प्रश्न समजणे किंवा सुसंगत उत्तर देणे अशक्य आहे असे न्यायालयास वाटले, तरच अपवाद केला जाई. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. जुन्या अधिनियमाच्या कलम १३४ नुसार वस्तुस्थिती सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्याही आवश्यक नव्हती आणि नव्या कायद्यानेही ती आवश्यक मानलेली नाही. म्हणजे एकट्या वृद्धेची साक्षसुद्धा कायद्याने मुळातच बाद ठरत नाही. कायद्यात सक्षमता हा नियम आहे आणि अतिवार्धक्यामुळे येणारी अक्षमता हा सिद्ध करावयाचा अपवाद आहे.

लोकव्यवहारात मात्र हा क्रम उलटा होतो. तेथे म्हातारीची अक्षमता गृहीत धरली जाते आणि सक्षमता तिने सिद्ध करून दाखवावी लागते. 'म्हातारपणी भ्रम होतो', 'वेळ जात नाही म्हणून काहीबाही बोलते', 'पुस्तके वाचून डोक्यात खूळ शिरले' ही वाक्ये इंग्लंडमधील पोलीस ठाण्याइतकीच आपल्याकडील ओसरीवरही ऐकू येतात. 'मर्डर, शी सेड' मधील मार्पल पोलिसांशी फार वाद घालीत नाही. अपवाद म्हणून ज्या गोष्टी तिच्या माथी मारल्या गेल्या, त्याच ती कामाला लावते. रिकामा वेळ आहे, म्हणून ती लोहमार्ग पालथा घालू शकते. रहस्यकथा वाचल्या आहेत, म्हणून प्रेताची विल्हेवाट कशी लावली असेल याचा क्रमवार विचार तिला करता येतो. तिचा सहकारी ग्रंथपाल आहे, हाही निव्वळ विनोद नव्हे. मूळ कादंबरीत नसलेले हे पात्र रदरफोर्ड यांचे पती स्ट्रिंगर डेव्हिस यांनी साकारले आहे. वाचन हा येथे तपासाचा पूर्वाभ्यास ठरतो. ज्या वाचनाची टवाळी होते, तेच वाचन पोलिसी खाक्यापेक्षा अधिक शिस्तबद्ध निघते.

मोलकरणीचा वेश आणि घरकामाचे ज्ञान

चित्रपटाचा मध्यभाग वाड्यात घडतो. सफाई, स्वयंपाक, चहाचे ट्रे, विक्षिप्त मालकाची सरबराई या सर्वांतून मार्पल वावरते. मिस्टर ॲकेनथॉर्प तिच्यावर खेकसतात. घरातील पुरुष तिच्यासमोर मालमत्तेविषयी मोकळेपणाने बोलतात. नोकराणीसमोर बोलणे हे भिंतीसमोर बोलण्यासारखेच, असे ते धरून चालतात. मार्पलच्या तपासाचे यश या गृहीतावर उभे आहे. कोणत्या खोलीत कोण केव्हा जातो, कोणाच्या ताटातील अन्न तसेच राहते, कोणती चावी कोठे टांगलेली असते, हे घरात राबणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असते. गुप्तहेर ज्याला निरीक्षण म्हणतो, ते घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने रोजचे जगणे असते.

या संदर्भात विषप्रयोगाचा प्रसंग लक्षणीय आहे. मार्पलने रांधलेल्या बदकाच्या करीतून आर्सेनिक दिले जाते. अन्नावर स्त्रीचा अधिकार असतो, पण संशयाची सुईही प्रथम तिच्याकडेच वळते. ज्या घरकामाने तिला घरात प्रवेश दिला, तेच घरकाम तिला संशयित करू शकते. चुलीजवळच्या स्त्रीचा विश्वास आणि तिच्यावरचा संशय हे एकाच नाण्याचे दोन भाग असल्याचे येथे फारसा गाजावाजा न करता दाखविले जाते.

ही कल्पना केवळ कल्पित कथेपुरती नाही. महाराष्ट्रातील व्यावसायिक गुप्तहेर रजनी पंडित यांनी एका खुनाच्या तपासासाठी संशयित स्त्रीच्या घरी काही महिने मोलकरीण म्हणून काम केल्याचे आपल्या मुलाखतींतून सांगितले आहे. त्या वृद्धही नव्हत्या आणि हौशीही नव्हत्या. तरी घरात शिरण्याचा मार्ग तोच होता. मोलकरणीकडे कोणी पाहत नाही, म्हणून मोलकरीण सर्व पाहते, हे सूत्र ठाण्या-मुंबईच्या सदनिकेलाही इंग्रजी वाड्याइतकेच लागू पडते.

तथापि येथेच चित्रपटाची एक मर्यादा उघड होते. मार्पल ही नोकराणी नव्हे, ती नोकराणीचे सोंग घेतलेली मध्यमवर्गीय सुखवस्तू स्त्री आहे. वाड्यात काम करणारी खरी कामवाली मिसेस किडर ही आहे. तीही त्याच दारांतून ये-जा करते आणि त्याच माणसांचे बोलणे ऐकते. पण तिला काय दिसले, काय वाटले, हे विचारण्याची गरज चित्रपटाला भासत नाही. विनोदापुरते येणारे ते पात्र आहे. अदृश्यतेचे सामर्थ्य ओळखणारा चित्रपट खऱ्या अर्थाने अदृश्य असलेल्या स्त्रीला मात्र अदृश्यच ठेवतो. मार्पल सोंग उतरवून बाहेर पडू शकते. मिसेस किडरला ती सोय नाही. विशेष म्हणजे ही दुय्यम भूमिका करणाऱ्या जोन हिक्सन यांनीच पुढे १९८४ ते १९९२ या काळात बीबीसीच्या दूरचित्रवाणी मालिकेत मिस मार्पल साकारली आणि ख्रिस्ती यांच्या मार्पलविषयक सर्व १२ कादंबऱ्या त्या मालिकेतून सादर झाल्या. १९६१ मध्ये जिला कोणी काही विचारले नाही, तीच अभिनेत्री पुढे सर्वांना प्रश्न विचारणारी झाली. हा योगायोग असला, तरी अभ्यासकाने नोंद घ्यावी असा आहे.

माध्यमांतरातील लाभ-हानी

मूळ कादंबरीत हे काम तीन स्त्रियांमध्ये विभागलेले आहे. खून पाहते ती मिसेस मॅकगिलिकडी. तिचे ऐकून घेते आणि तर्क लढविते ती तिची मैत्रीण मिस मार्पल. वाड्यात घरकामासाठी जाते ती ल्यूसी आयल्सबॅरो. ल्यूसी ही ऑक्सफर्डमध्ये गणित शिकलेली बुद्धिमान तरुणी असून तिने घरकाम हा व्यवसाय विचारपूर्वक पत्करलेला आहे. चांगल्या घरकामाची समाजाला नितांत गरज आहे आणि त्यासाठी लागणारी बुद्धी मात्र कोणी तिकडे वळवीत नाही, हे तिने हेरलेले असते. घरकाम हे बुद्धीचे काम आहे, हा विचार ख्रिस्ती यांनी या पात्राद्वारे ठामपणे मांडला आहे.

चित्रपटाने या तिघींची एकच मिस मार्पल केली. या निर्णयाचा लाभ उघड आहे. कादंबरीतील मार्पल थकलेली आहे, खुर्चीत बसून विचार करणारी आहे. चित्रपटातील मार्पल रुळांवरून चालते, भिंती ओलांडते, मालकाला सडेतोड उत्तरे देते. ख्रिस्ती यांनी कल्पिलेली मार्पल सडपातळ व सौम्य आहे, तर रदरफोर्ड यांची मार्पल स्थूल, खणखणीत व काहीशी आडदांड आहे. वृद्ध देहाची हालचाल ही एरवी पडद्यावर करुणेचा किंवा थट्टेचा विषय होते. रदरफोर्ड तिला कर्तृत्वाचा विषय बनवितात. प्रेक्षक हसतो, परंतु तो तिला न हसता तिच्यासोबत हसतो, कारण प्रत्येक वेळी तोंडघशी पडतो तो तिला कमी लेखणारा. शेवटी मालक तिला लग्नाची मागणी घालतो आणि ती नम्रपणे नाकारते. एकटी वृद्ध स्त्री म्हणजे कोणाच्या तरी आधाराची प्रतीक्षा करणारी स्त्री, हा समज या एका नकाराने मोडीत निघतो.

हानी मात्र तितकी उघड नाही आणि म्हणूनच ती सांगितली पाहिजे. कादंबरीचा नैतिक आरंभ खुनाच्या दृश्यात नाही. मिसेस मॅकगिलिकडी मैत्रिणीकडे येते, पाहिले ते सांगते आणि मार्पल ते खरे मानते, या प्रसंगात तो आहे. रेल्वेने व पोलिसांनी जे केले नाही, ते एका वृद्धेने दुसरीसाठी केले. शेवटही तसाच अर्थपूर्ण आहे. घशात माशाचा काटा अडकल्याची बतावणी करून मार्पल डॉक्टरला आपल्यावर वाकायला लावते आणि त्या पवित्र्यातील त्याची पाठमोरी आकृती पाहून मिसेस मॅकगिलिकडी त्याला ओळखते. जे डोळे अविश्वसनीय ठरविले गेले, त्याच डोळ्यांनी खुनी ओळखला जातो. अशा रीतीने साक्ष पूर्ण होते. चित्रपटात मार्पल स्वतःच आमिष बनून रात्री डॉक्टरला आपल्या खोलीत ओढून घेते. प्रसंग थरारक आहे, परंतु विश्वास ठेवणारी आणि जिच्यावर विश्वास ठेवायचा ती, अशा दोन स्त्रियांमधील नाते त्यातून वजा झाले आहे. सामुदायिक शहाणपणाच्या जागी एकटीचे धाडस आले. मार्पल मोठी झाली, पण एकाकी झाली.

ख्रिस्ती या चित्रपटमालिकेवर प्रसन्न नव्हत्या. पुढील 'मर्डर ॲट द गॅलप' (१९६३) व 'मर्डर मोस्ट फाउल' (१९६४) हे चित्रपट तर पॉयरो या वेगळ्याच गुप्तहेराच्या कादंबऱ्यांवरून घेतले गेले आणि 'मर्डर अहॉय' (१९६४) चे कथानक नव्याने रचले गेले. असे असूनही १९६२ साली प्रसिद्ध झालेली 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' ही मार्पल-कादंबरी त्यांनी मार्गारेट रदरफोर्ड यांना अर्पण केली. रूपांतर मान्य नसतानाही अभिनेत्रीचे सामर्थ्य मान्य करणारी ही कृती आहे.

'शुभ महुरत' : भारतीय घरातील मार्पल

याच अर्पण केलेल्या कादंबरीच्या कथाबीजावर ऋतुपर्ण घोष यांनी 'शुभ महुरत' उभा केला. राखी यांची रांगा पिशिमा, म्हणजे आत्या, ही विधवा असून घराबाहेर फारशी पडत नाही. पत्रकार असलेली भाची मल्लिका (नंदिता दास) बाहेरच्या वार्ता आणते आणि आत्या घरात बसून त्यांची संगती लावते. या भूमिकेसाठी राखी यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रहस्याची उकल जी करते, ती पुरस्काराच्या वर्गवारीत 'सहायक' ठरते, हा विरोधाभास बोलका आहे.

घोष यांनी रदरफोर्डचा मार्ग नाकारला. त्यांची आत्या धावत नाही, सोंग घेत नाही. नातेवाईक, मोलकरीण, मांजर, स्वयंपाक या तिच्या परिघातील गोष्टींतून माणसाच्या स्वभावाचे जे ज्ञान तिने जमविले आहे, तेच तिचे साधन होय. कादंबरीतील मार्पलही अशीच विचार करते. गुन्ह्यातील माणूस तिला गावातील कोणाची तरी आठवण करून देतो. मुख्य म्हणजे १९६१ च्या चित्रपटाने गमावलेले स्त्रियांमधील नाते येथे परत येते. भाचीचे ऐकणे, आत्याचे विचारणे आणि अखेर गुन्हेगार स्त्री व आत्या यांच्यातील संयत संभाषण, यांतून उलगडा होतो. वैधव्यामुळे समाजाने ज्या स्त्रीला मंगल प्रसंगापासून दूर ठेवले, तिच्याकडेच 'शुभ महुरत' नावाच्या चित्रपटातील सत्य येऊन थांबते.

मराठी रहस्यपट : अनुपस्थित म्हातारी

या पार्श्वभूमीवर मराठी रहस्यपटाकडे पाहिले असता काय दिसते? राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हा मराठी रहस्यपटाचा मानदंड मानला जातो. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारित या चित्रपटावरून पुढे हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला. आपली पत्नी मरण पावली आहे असे मानणाऱ्या वकिलासमोर एक स्त्री आपणच ती पत्नी असल्याचे सांगत उभी राहते. 'पाठलाग'चे खरे नाट्य साक्षीचे आहे. स्त्री बोलते आहे, पुरावे देते आहे, संसारातील खाजगी खुणा सांगते आहे आणि न्यायालयापासून पतीपर्यंत कोणाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. 'असे ती म्हणाली' हे शब्द या चित्रपटालाही लागू पडतात. फरक इतकाच की येथे स्त्री तपासाचा विषय आहे, तपासाची कर्ती नाही. 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मध्येही भय व भास यांचे ओझे नायिकेच्या मनावर आहे. उकल करण्याचा मान तिचा नाही. अलीकडच्या 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांचे वयोवृद्ध पात्र आहे. ते तरुण नायकाला आसरा व आधार देणारे आहे, स्वतः शोध घेणारे नव्हे.

मराठी रहस्यपटात आजी, आत्या, मावशी नाहीत असे नाही. त्या देवघरात असतात, सूचक बोलतात, क्वचित भीती वाढवितात. परंतु त्यांचे म्हणणे हा पुरावा ठरत नाही. येथे एक प्रश्न उपस्थित होतो. वृद्ध स्त्रीच्या चातुर्याची कल्पनाच मराठी संस्कृतीला परकी आहे काय?

उत्तर निश्चितपणे नकारार्थी आहे. 'म्हातारी आणि भोपळा' ही कथा ठाऊक नसलेले मराठी मूल विरळा. लेकीकडे निघालेली म्हातारी एकटीच रान तुडवीत जाते. वाटेत भेटलेल्या हिंस्र श्वापदांना ती 'लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा' अशा युक्तीने थोपविते आणि परतीच्या वाटेवर भोपळ्यात बसून त्यांच्या डोळ्यांदेखत निसटते. एकटीचा प्रवास, दुर्बलतेचाच उपयोग करून घेणारी बुद्धी आणि वेशांतर ही तिन्ही सूत्रे 'मर्डर, शी सेड' च्या मार्पलमध्ये जशीच्या तशी आढळतात. भोपळा आणि मोलकरणीचा ॲप्रन यांचे कार्य एकच आहे. तेव्हा मराठी लोककथेने जी म्हातारी घडविली, ती रहस्यपटाच्या वाटेवर हरवली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. ही हानी परंपरेच्या दारिद्र्यातून आलेली नाही. मराठी रहस्यकथेने प्रामुख्याने धाडसी, तरुण, शस्त्रधारी पुरुष नायकाचा आदर्श स्वीकारला आणि चित्रपटाने तोच पुढे चालविला, हे तिचे एक संभाव्य कारण होय.

म्हणीतील नीती

मराठीतील एक प्रसिद्ध म्हण या चर्चेला नेमका आशय देते : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. म्हणीचा पहिला भाग निष्ठुर आहे. म्हातारीच्या मृत्यूचे दुःख नसणे त्यात गृहीत धरलेले आहे. दुसरा भाग मात्र रहस्यकथेचे संपूर्ण नीतिशास्त्र सांगतो. एक अपराध पचला की अपराधी निर्ढावतो. 'मर्डर, शी सेड' मधील घटनाक्रम याची साक्ष देतो. गाडीतील स्त्रीच्या खुनाची तक्रार दुर्लक्षिली गेली आणि नंतर वाड्यात आणखी दोन बळी पडले. मार्पलचे म्हणणे पहिल्याच दिवशी गांभीर्याने घेतले असते, तर हे मृत्यू टळण्याची शक्यता होती. तिच्या साक्षीची उपेक्षा ही केवळ तिच्या मानापमानाची बाब राहत नाही. ती इतरांच्या जिवावर बेतते.

गंमत अशी की या म्हणीतील म्हातारी मरणारी आहे आणि चित्रपटातील म्हातारी काळाला सोकावू न देणारी आहे. म्हणीने जिला केवळ उदाहरण केले, तिलाच चित्रपटाने कर्ती केले. हौशी गुप्तहेराला पगार नाही, अधिकार नाही, गणवेश नाही. अनोळखी स्त्रीच्या मृत्यूचे दुःख कोणालाच नसताना तिने ते आपले मानले, यातच तिच्या 'हौशी'पणाचा खरा अर्थ सामावला आहे.

निष्कर्ष

१. 'मर्डर, शी सेड' मधील मूळ संघर्ष खुनी व गुप्तहेर यांच्यातील नसून साक्ष व अविश्वास यांच्यातील आहे. वृद्ध स्त्रीची साक्ष कायद्याने ग्राह्य असूनही लोकव्यवहार ती अग्राह्य ठरवितो, हे चित्रपट दाखवितो.

२. वार्धक्य, रिकामा वेळ, वाचन व घरकाम या उपेक्षेच्या कारणांनाच मार्पल शोधसाधने बनविते. त्यामुळे प्रारंभीचे गृहीतक मुख्यतः खरे ठरते.

३. मात्र हे साधन सर्वच स्त्रियांना सारखे उपलब्ध नाही. मिसेस किडर या खऱ्या कामवालीचे मौन ही चित्रपटाची वर्गीय मर्यादा आहे.

४. तीन स्त्रियांची एक स्त्री करण्याने चित्रपटाने गतिमान, स्वाभिमानी वृद्धा मिळविली, पण एका स्त्रीने दुसरीवर ठेवलेला विश्वास गमावला. 'शुभ महुरत' ने तो भारतीय कुटुंबाच्या चौकटीत पुन्हा प्रस्थापित केला.

५. मराठी लोककथेत चतुर म्हातारीची समर्थ परंपरा असूनही वर चर्चिलेल्या मराठी रहस्यपटांत तिला शोधकर्तीचे स्थान मिळालेले नाही.

हा शेवटचा मुद्दा चित्रपटापुरता मर्यादित नाही. जालन्यासारख्या कृषिप्रधान जिल्ह्यात घरोघरची वृद्ध स्त्री ही नातेगोते, जमिनीचे वाद, दुष्काळ, रोगराई यांची जिवंत नोंदवही असते. महाविद्यालयांतील मौखिक इतिहासाचे वा लोकसाहित्याचे प्रकल्प अशा स्त्रियांकडून ओव्या व गाणी गोळा करतात. घडलेल्या घटनांविषयी त्यांना स्वतंत्रपणे विचारले जातेच असे नाही. गाणारी म्हातारी आपल्याला मान्य आहे. सांगणाऱ्या म्हातारीचे ऐकून घेणे आणि ते पडताळून पाहण्याइतके गांभीर्याने घेणे, ही साहित्य, इतिहास, समाजशास्त्र व विधी या सर्व विद्याशाखांची सामाईक जबाबदारी ठरते.